गाडीखालचा तांबडा डाग

मोटारीच्या पोटातून जमिनीवर जे जे काही गळते, त्याला स्वतःचा एक रंग असतो. आणि तो रंग ओळखता आला की अर्धे निदान झाले असे समजावे. काळा किंवा गडद तपकिरी डाग इंजिनच्या तेलाचा. हिरवट किंवा निळसर, पाण्यासारखा पातळ पण बोटाला किंचित चिकट लागणारा डाग रेडिएटरमधल्या पाण्याचा. चाकाच्या आतल्या अंगाला फिकट पिवळसर ओल दिसली तर ती बहुधा ब्रेकच्या तेलाची; अशी गाडी जागची हलवू नये. वातानुकूलन चालू असताना खाली ठिबकणारे स्वच्छ पाणी हे नुसते पाणीच असते. त्याची काळजी करणे म्हणजे घामाला ताप समजण्यासारखे आहे.

राहिला तांबडा डाग. तो पॉवर स्टिअरिंगच्या तेलाचा असू शकतो, किंवा गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअरपेटीच्या तेलाचा. काही गाड्यांत रेडिएटरचे पाणीही तांबडे असते, म्हणून एक सोपी परीक्षा सांगून ठेवतो. डागावर कोऱ्या कागदाचा कपटा टेकवा आणि तो तासभर बाजूला ठेवून द्या. पाणी असेल तर वाळून जाईल. तेल असेल तर कागद भज्यांच्या पुडीसारखा पारदर्शक होईल आणि तसाच राहील.

आमच्या घरी २०२४च्या श्रावणात असा एक कागद पारदर्शक झाला, आणि त्यापायी एका माणसाचे स्वतंत्र हिंडणेफिरणे कायमचे बंद व्हायची वेळ आली. ती कशी टळली, त्याची ही हकिगत. जुनी गाडी बाळगणाऱ्या कुटुंबांना ती उपयोगी पडेल. ज्यांच्या दारी गाडी नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. घाईने दिलेले निकाल केवळ गाड्यांच्याच बाबतीत लागतात असे थोडेच आहे?

दोन पायांचे काम एका पायावर

माझा थोरला भाऊ सांगलीस विश्रामबागेत राहतो. मी साताऱ्यास असतो, आणि आमची आई माझ्याकडे आहे. दादाचा जन्म १९५४चा. तो दोन वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला. अमेरिकेत साल्क यांची लस १९५५ सालीच निघाली होती. पण ती आमच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत यायला पुष्कळ अवकाश होता. ताप गेला आणि जाताना डाव्या पायातले बळ घेऊन गेला. आज हा रोग आपल्या देशात राहिलेला नाही. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला विभाग पोलिओमुक्त ठरवला. नव्या पिढीतल्या आयांना हे दुखणे ठाऊकही नसते, ही केवढी भाग्याची गोष्ट आहे! पण दादाच्या पिढीतली माणसे अजून आपल्यात आहेत, आणि त्यांना जिने चढायचे असतात, बस गाठायची असते, आईला भेटायला जायचे असते.

दादाने सांगलीच्या कोर्टात कारकुनीपासून शिरस्तेदारीपर्यंत नोकरी केली. नोकरीची बरीच वर्षे त्याने प्रिया स्कूटर चालवली. ही स्कूटर साताऱ्यातल्याच कारखान्यात तयार होत असे. तिला त्याने मागे दोन जास्तीची चाके बसवून घेतली होती. त्या स्कूटरचा क्लच आणि गिअर डाव्या हातात, मागचा ब्रेक उजव्या पायाखाली; डाव्या पायाला कामच नाही. दादा म्हणायचा, "ही कंपनीने माझ्यासाठीच काढली."

मोटारीचे मात्र तसे नव्हते. साध्या मोटारीत क्लच डाव्या पायाने दाबावा लागतो, आणि तिथेच दादाची वाट अडे. २००६ साली एका डॉक्टरांकडून त्याने १९९९ सालची एक ऑटोमॅटिक गाडी जुनी विकत घेतली. तिला क्लचच नाही. एक ॲक्सिलरेटर, एक ब्रेक, दोन्ही उजव्या पायाने चालवायचे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी दादा पहिल्यांदा कुणाच्याही मदतीवाचून सांगलीहून साताऱ्याला आला. रस्ता सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पण आई त्या दिवशी फाटकाशी उभी होती, ती जणू मुलगा विलायतेहून येत आहे अशी. तेव्हापासून एका शनिवाराआड त्याची फेरी ठरलेली. आई आता ब्याण्णव वर्षांची आहे. तिला वार लक्षात राहत नाहीत, पण दादाचा शनिवार राहतो.

तेलाचा वारा

आता या ऑटोमॅटिक गिअरपेटीत असते तरी काय, ते थोडक्यात सांगतो. म्हणजे पुढची गोष्ट समजायला सोपी जाईल.

टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि त्यांतला एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. दोघांमध्ये दांडा नाही, साखळी नाही. आहे फक्त वारा. वाऱ्याच्या जागी तेल घाला आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवा, की झाला टॉर्क कन्व्हर्टर. एक पंखा इंजिन फिरवते, दुसरा चाकांकडे जातो. गाडी उभी असली तर दुसरा पंखा थांबून राहतो, इंजिन मात्र बंद पडत नाही. म्हणून क्लच लागत नाही. ही कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याची. त्याने तिचे पेटंट १९०५ साली घेतले, आणि तेही मोटारीसाठी नव्हे, जहाजासाठी. मोटारीत तेलाच्या जोडणीवर चालणारी, आपले आपण गिअर बदलणारी पेटी मोठ्या प्रमाणावर आली ती अमेरिकेत, १९४०च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत.

या पेटीतले तेल एकटेच तीन माणसांची कामे करते. ते शक्ती वाहून नेते, दाबाने गिअर बदलते आणि दाते गुळगुळीत ठेवते. असे तेल सहज मिळत नव्हते. कित्येक वर्षे त्यात देवमाशाचे तेल मिसळत असत. १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेने देवमाशांना संरक्षण दिले, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांना दुसरा उपाय शोधावा लागला. त्याचा तांबडा रंगही मुद्दाम घातलेला असतो. इंजिनच्या तेलापासून ते वेगळे ओळखू यावे, एवढ्याचसाठी.

पण दोन पंख्यांमध्ये घसर ही राहणारच. एक पळतो, दुसरा थोडा मागे रेंगाळतो, आणि त्या फरकाची शक्ती उष्णतेत जाते. खंबाटकीसारख्या घाटात, गाडी भरलेली असताना, किंवा कराडच्या नाक्यावर रांगेत अडकल्यावर ही उष्णता फार वाढते. या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: तेल नेहमीच्या तपमानाहून दहा-अकरा अंशांनी अधिक तापत राहिले, की त्याचे आयुष्य निम्मे होते. तेव्हा हे तेल थंड करायला हवे. त्यासाठी गिअरपेटीतून एक नळी निघते, रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या लहानशा कूलरमध्ये जाते, आणि तिथे निवलेले तेल दुसऱ्या नळीने पेटीत परत येते. एक जाणारी, एक येणारी. बोटभर जाडीच्या या दोन नळ्या. काही भाग पोलादी, काही भाग रबरी. गाडीच्या माहितीपत्रकात त्यांचे कुणी चित्र छापत नाही. पण त्यांतली एक फुटली तर पेटीतले तेल थोड्याच वेळात रस्त्यावर येते, आणि मग पेटी खरोखरच जळते.

निकाल

त्या शनिवारी दादा आला, गाडी अंगणात शहाबादी फरशीवर लागली. रविवारी सकाळी फरशीवर वाटीएवढा तांबडा डाग. कागदाची परीक्षा झाली. पट्टी काढून पाहिली तर तेल खुणेच्या खाली गेलेले. गावातल्या एका मोठ्या कार्यशाळेतून माणूस बोलावला. त्याने गाडीखाली विजेरी मारली, दहा मिनिटांत बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "काका, गिअरबॉक्स गेला. सगळा ओला आहे. उघडला तर दीड लाखाच्या खाली येणार नाही, आणि आता पार्टही मिळत नाहीत. पंचवीस वर्षांची गाडी आहे, भंगारात द्या."

घरात लगेच सभा भरली. भाच्याने बंगळुरूहून फोनवर नवी गाडी सुचवली. मुलाने ड्रायव्हर ठेवायचे सुचवले. वहिनींनी सांगलीहून विचारले, "भावजी, ह्यांनी आता या वयात गाडी चालवावी तरी का?" सूचना सगळ्या प्रेमाच्याच होत्या. नव्या ऑटोमॅटिक गाड्या आज पुष्कळ मिळतात, हेही खरे. पण दादाच्या निवृत्तिवेतनात त्या बसत नव्हत्या. आणि मुलांकडून पैसे घेऊन घेतलेल्या गाडीतून तो हवे तेव्हा निघाला असता का, याची मला शंका आहे. ड्रायव्हर ठेवला तर "मला आईकडे जायचं आहे" हे वाक्य दर वेळी दुसऱ्या कुणाला तरी सांगावे लागणार. सत्तर वर्षे ज्याने दुसऱ्याच्या खांद्याची सवय लावून घेतली नाही, त्याला ते किती जड जाईल हे घरात फक्त आई जाणून होती. ती काही बोलली नाही. तिने दादाच्या ताटात आणखी एक पुरणाची पोळी वाढली.

दादा शांतपणे जेवला. मग म्हणाला, "चाळीस वर्षं कोर्टात काढली रे. इथं आरोपीला कुणी पाहिलेलंच नाही. तेल सांडलेलं सगळ्यांनी पाहिलं. कुठून सांडलं ते कुणी पाहिलं का? आधी पुरावा आणा. मग खुशाल फाशी द्या."

दुसऱ्या दिवशी तो भाड्याच्या गाडीने सांगलीस गेला, आणि पुरावा शोधायचे काम माझ्याकडे आले.

आधी आंघोळ, मग पावडर

साताऱ्यात आमच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांनी जन्मभर जीपा आणि ट्रक दुरुस्त केले. ऑटोमॅटिक गाड्या त्यांनी फार पाहिल्या नसतील. पण गळती पाहिली आहे, आणि गळती सगळ्या गाड्यांची एकाच नियमाने चालते. ते म्हणाले, "साहेब, अंगभर घाम आलेल्या माणसाला जखम कुठं झाली ते कळत नाही. आधी तिला आंघोळ घालू."

गाडी घोड्यांवर पक्की उभी करून त्यांनी रॉकेल आणि ब्रशाने गिअरपेटी, नळ्या, रेडिएटरची खालची बाजू असे सगळे स्वच्छ केले. कोरड्या फडक्याने पुसले. मग खिशातून काढला टाल्कम पावडरचा डबा! चेहऱ्याला लावतात तीच पावडर त्यांनी पेटीवर आणि नळ्यांवर फुंकरीने उडवली. सगळे पांढरे झाले. तेल कमी होते तेवढे भरले, इंजिन सुरू केले, ब्रेक दाबून धरून एकेक गिअर टाकला, आणि वीस मिनिटे इंजिन तापू दिले. पांढऱ्यावर तांबडे लपत नाही.

गिअरपेटी शेवटपर्यंत कोरडी राहिली. ओल उमटली ती तिच्या दीड हात पुढे, रेडिएटरजवळ. जाणाऱ्या नळीत पोलादी भाग जिथे रबरी भागात शिरतो, तिथे कारखान्यात दाबून बसवलेली धातूची गोल पट्टी होती. त्या पट्टीच्या कडेने तांबडे कंकण दिसू लागले, मग त्यातून थेंब सुटला. दुसऱ्या नळीवर, जिथे ती पत्र्याच्या पकडीला घासत होती, तिथे गंजाचा खोल चट्टा होता. तो अजून फुटला नव्हता इतकेच.

मग गिअरपेटी ओली का दिसली? कारण सोपे होते. गाडी पुढे धावते आणि वारा मागे वाहतो. पुढच्या नळीतून सुटलेला थेंब वाऱ्याबरोबर मागच्या पेटीवर जाऊन पसरतो. पंचवीस वर्षांत रबर उष्णतेने कडक झाले, थोडे आक्रसले, आणि पट्टीची पकड ढिली पडली. दोष नळीचा, शिक्षा मात्र पेटीला!

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट पाहिली. रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावर उघडले. आतला कूलर फुटला असता तर तेल आणि पाणी एकत्र होऊन पाचगणीच्या स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा गुलाबी फेस दिसला असता. पाणी स्वच्छ होते. तेलाच्या पट्टीला हुंगून पाहिले. जळका वास नव्हता. ते म्हणाले, "पेटी जिती आहे. नळी तेवढी बदला."

पण नवी नळी कुठेच मिळेना. या गाडीचा तो भाग यायचा केव्हाच बंद झालेला. नळीला वरून लांबी थापा म्हणणारे भेटले. तेल आतून दाबाने येते, तिथे लांबी टिकत नाही. तांब्याची नळी वाकवून घाला म्हणणारेही भेटले. तांबे हादऱ्यांनी कडक होत जाते आणि एके दिवशी चिरते. चालत्या गाडीखाली ते चालणार नाही. रेडिएटरच्या पाण्याचे रबर घातले तर हे गरम तेल ते फुगवून टाकते. मिस्त्रींनी हे सगळे उपाय हात झटकून मोडीत काढले आणि म्हणाले, "ऊस तोडायच्या यंत्रांच्या नळ्या जिथं बनतात, तिथं जा. तुमचे दादा राहतात त्याच गावात."

नळ्यांची एस.टी.ने वारी

गाडी साताऱ्यातच घोड्यांवर राहिली, आणि दोन नळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून मी सांगलीच्या एस.टी.त बसलो. गाडी ओढत नेण्याचा विचारही आम्ही केला नव्हता. ऑटोमॅटिक गाडी फिरती चाके जमिनीवर ठेवून ओढू नये. इंजिन बंद असले की पेटीतला तेलाचा पंप फिरत नाही, आणि दाते कोरडे घासतात. ती उचलून ट्रकवर घालूनच न्यावी.

या वाटेने जाताना मला नेहमी वाटते, की कृष्णेच्या या खोऱ्यात उसाइतकेच लोखंडही पिकते. साताऱ्याच्या बाजूला सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात लोखंडी नांगर आणि पुढे डिझेल इंजिने होऊ लागली. हेच कूपर १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले. सांगलीच्या अंगाला, कुंडलजवळच्या माळावर, औंधकरांनी दिलेल्या जागेत १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. त्यांचे लोखंडी नांगर आरंभी शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. त्याच माळावरून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले, आणि नांगराच्या कारखान्यातून मराठी घरांना एक मासिक मिळाले. पुढे साखर कारखाने आले, पंप आले, ट्रॅक्टर आले, आता ऊसतोडणी यंत्रे आली. जिथे यंत्र जाते तिथे ते बिघडते. आणि जिथे बिघडते तिथे ते दुरुस्त करणारा हात तयार होतो. मोटारीच्या दुकानात जे मिळाले नव्हते ते उसाच्या दुकानात मिळणार होते.

कुपवाडच्या बाजूला ते दुकान होते. गळीत हंगामाला अवकाश होता, तरी दारात दोन यंत्रे पोट उघडून उभी होती. दादा रिक्षाने आधीच येऊन खुर्ची टाकून बसला होता. मालकांनी नळी हातात घेतली आणि हसले.

"ह्योच का पाईप? आवो काका, उसाच्या मशीनमधी दोनशे बारच्या वर दाब असतोय. ह्यात दोन-चार बार न्हाईतर किती? त्याच्यापुढं ही म्हंजी बाळाची दुधाची बाटली!"

"बाटली खरी," दादा म्हणाला, "पण बाळ माझं आहे. जपून करा."

त्यांनी जपूनच केले. जुनी दाबपट्टी बारीक कानसीने अर्धवट कापून पक्कडीने उलगडली. आतल्या पोलादी नळीवर ओरखडा पडला तर गळती तिथून पुन्हा सुरू होते, म्हणून पुरती कापली नाही. गंजलेला भाग काढून तेवढ्याच जाडीची पोलादी नळी जुन्या वळणाबरहुकूम वाकवली. नळीच्या प्रत्येक टोकाशी यंत्राने किंचित फुगवटा काढला. तो नसला तर क्लिप कितीही आवळा, गरम तेलाच्या दाबाने रबर हळूहळू सरकून निघते. रबरी नळी घेतली ती गिअरपेटीच्या तेलासाठीच बनवलेली. तिच्यावर जे १५३२ हे प्रमाण छापलेले होते. क्लिपा घेतल्या त्या सलग गुळगुळीत पट्टीच्या. भोके पाडलेल्या पट्टीच्या क्लिपा रबरात रुततात.

शेवटी नळ्यांची एक बाजू बंद करून दुसरीकडून हवा भरली आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तशा त्या बादलीत बुडवल्या. आम्ही तिघे बादलीत डोकावून पाहत होतो. बुडबुडा आला नाही. दादाने चष्मा पुसला आणि विचारले, "पुन्हा एकदा?" मालकांनी कंटाळा न करता पुन्हा बुडवल्या.

यवतेश्वरचा घाट

साताऱ्यात परत आल्यावर मिस्त्रींनी रेडिएटरमधला कूलर हलक्या हवेने साफ केला आणि नळ्या बसवल्या. पकडीपाशी रबराचा तुकडा घातला, म्हणजे पुन्हा घासायला नको. नळ्या सायलेन्सरपासून दूर आणि पंख्यापासून वेगळ्या राहतील असे पाहिले. परतीची नळी बाटलीत सोडून इंजिन काही सेकंदच चालवले. तेल अखंड धारेने आले, तेव्हा वाट मोकळी आहे हे कळले. मग नळी जोडून, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या जातीचेच तेल पट्टीच्या खुणेपर्यंत भरले. खुणेच्या वर भरू नये. जास्त तेल दात्यांत घुसळून फेसाळते आणि फेसाला दाब धरत नाही. तेल मोजायची रीतही गाडीगाडीची वेगळी. बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू असताना पट्टी पाहतात, काहींत इंजिन बंद करून लगेच, आणि काही गाड्यांना पट्टीच नसते. म्हणून पुस्तक पाहावे.

परीक्षेला गाडी यवतेश्वरच्या घाटात नेली. चढावर वीस मिनिटे तिला राबवली. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सारून ठेवला. सकाळी आईने माझ्याआधी उठून तो पुठ्ठा पाहिला होता. तिने एवढेच विचारले, "म्हणजे शनिवारी येईल ना?"

सगळा खर्च, दोन्ही नळ्या, तेल आणि मजुरी धरून, सहा हजारांच्या आत झाला.

ही हकिगत वाचून कुणी प्रत्येक जुन्या गाडीला अमर समजू नये. गिअर घसरत असतील, तेल काळे होऊन जळका वास येत असेल, पट्टीला धातूचा कीस लागत असेल, तर पेटी खरोखर खराब झालेली असते. तिथे नळी बदलून उपयोग नाही. गाडी पंधरा वर्षांची झाली की तिची तपासणी करून नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, ती टाळू नये. पण तांबडा डाग दिसला तर इतके करावे. गाडी चालवणे थांबवावे आणि तेलाची पातळी पाहावी. खालचा भाग धुऊन, कोरडा करून, इंजिन तापवून थेंब नेमका कुठे सुटतो ते डोळ्यांनी पाहावे. आपण स्वतः गाडीखाली जाणार असू तर नुसत्या जॅकवर विसंबू नये. सर्वांत पुढचा आणि सर्वांत उंच ओला बिंदू शोधावा, कारण तेल खाली आणि मागेच पळते. गळती नळीची निघाली तर दोन्ही नळ्या एकदमच कराव्यात. एकीचे वय झाले म्हणजे दुसरीचेही झालेलेच असते. आणि मोटारीच्या दुकानात नळी मिळाली नाही, तर ट्रॅक्टर, जेसीबी आणि ऊसतोडणी यंत्रांच्या नळ्या जिथे बनतात ते दुकान शोधावे. आपल्याकडे तालुक्याच्या गावीही ते सापडते.

दादाने या प्रकरणाचे सगळे कागद एका फायलीत लावून ठेवले आहेत: कार्यशाळेचा निकाल, मिस्त्रींची साक्ष, कुपवाडच्या दुकानाची पावती. फायलीवर त्याने आपल्या टपोऱ्या कोर्टी अक्षरात लिहिले आहे, "आरोपी निर्दोष." गेल्या वर्षभरात त्याचा एकही शनिवार चुकलेला नाही.